डावीकडे लेसर, उजवीकडे लोशन

९ फेब्रुवारी, रविवार

गेले. सगळे गेले! आज सकाळी उशीच्या अभ्र्यावर शेवटचे नऊ सापडले. पाच आठवड्यांपूर्वी डोक्याच्या मागून काढून पुढे रोवलेले दोन हजार चारशे ग्राफ्ट — आणि समोर पुन्हा तेच जुनं मैदान. वर नुसते लाल ठिपके.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. रोवलेले केस पहिल्यांदा गळतात, मुळं आत राहतात, तीन-चार महिन्यांनी नवे फुटतात. मी मान डोलावली होती. पण ऐकणं वेगळं आणि अभ्र्यावरून एकेक उचलणं वेगळं. त्यात मधले जे थोडेफार मूळचे होते, तेही गेले. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने जातात म्हणे.

ब्रशच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं तपासनीस आहे. ब्रशचे केस आकड्याने ओढायचे, ब्रश भिजवून पोलादी फणीवर पन्नास वेळा फिरवायचा, किती सुटले ते मोजायचे. जास्त सुटले तर लॉट परत. टकल्या माणसाने केसांची परीक्षा करायची, हा विनोद तिथे माझ्याइतकाच जुना आहे. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण मागच्या वर्षी बारकीच्या शाळेतला शिपाई म्हणाला, "नातीला न्यायला आलात का?" मी चव्वेचाळीस वर्षांचा! बारकी घरी येईपर्यंत हसत होती. मला हसू आलं नाही. त्याच आठवड्यात दवाखान्यात फोन केला.

१० फेब्रुवारी

फोरमन म्हणाला, टोपी काढ, पेरणी बघू दे. काढली नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

केसांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी भिंगातून डोकं पाहिलं, मागची बाजू बोटाने चाचपली आणि शांतपणे सांगून टाकलं — मागे आता काढण्यासारखे केस उरलेले नाहीत. दुसरी शस्त्रक्रिया होणार नाही. रोवलेत त्यातून जे येईल ते आपलं.

म्हणजे हा एकच लॉट. परत पाठवायची सोय नाही.

आधार द्यायला दोन उपाय आहेत म्हणे. एक लेसरचं हेल्मेट — आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटं. दुसरं लोशन — ड्रॉपरने सकाळ-संध्याकाळ. दवाखान्यातली सल्लागार बाई हेल्मेटची बाजू अशी मांडत होती की तिनेच ते शोधून काढलं असावं. औषधाच्या दुकानदाराने लोशनची बाजू घेतली. डॉक्टर कोणाचीच घेईनात. "दोन्ही चालतात. पण लोक दोन्ही घेतात आणि दोन्ही सोडतात. एक निवडा आणि निभवा. दहा जूनला या, बघू."

कुठलं निवडू? विचारायचं कोणाला? ज्याला त्याला आपलंच विकायचंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. दोन्ही करायचे, पण एकेका बाजूला. डावीकडे लेसर, उजवीकडे लोशन. एकच डोकं, एकच पाणी, एकच उशी — याहून चांगली तुलना कुठे मिळणार! हेल्मेटच्या उजव्या अर्ध्या भागाला आतून काळी चिकटपट्टी लावली. कारखान्यातून रीळ आणलं होतं.

मोजायला ही. मला माझं टाळकं दिसणार कसं? ही चष्म्याच्या दुकानात काम करते, फ्रेम बसवून देते. नजर बारीक, हात हलका. दुकानातलं एक जुनं भिंगही घेऊन आली. आधी म्हणाली, "तुझं डोकं आहे की लॉट आहे?" पण बसली.

पद्धत: पोस्टकार्डाला सेंटिमीटरभर चौकोनी खिडकी कापली. दोन्ही भुवयांपासून सारखं अंतर मोजून पेनाने खूण. खिडकीत दिसणारे केस ती भिंगातून मोजणार. मग मांडीवर पांढरा कागद घेऊन मी खाली मान घालणार, ती दोन्ही बाजूंवरून पन्नास-पन्नास वेळा कंगवा फिरवणार. पडलेले केस पाकिटात, वर तारीख. कारखान्यात नमुने सहा महिने जपायचे असतात. सवय आहे.

खिडकीत: डावीकडे ४, उजवीकडे ५. गळले: डावीकडे ११, उजवीकडे १३.
कागदावर लांब केस ३. ते हिचे, वाकताना पडले. चाचणीशी संबंध नाही. बाद.

शस्त्रक्रियेनंतर हिने चार दिवस रजा घेतली होती. दर अर्ध्या तासाला माझ्या डोक्यावर मिठाचं पाणी फवारायची, घड्याळ लावून. हे लिहायचं राहून गेलं होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

ड्रॉपर हे जिवावर आलेलं काम आहे. थेंब कपाळावरून ओघळून भुवईत जातो. त्यापेक्षा हेल्मेट बरं — घालायचं आणि खुर्चीत बसून राहायचं. बारकी म्हणते, बाबा, तू अंतराळात निघालास की काय.
खिडकीत: ४, ४. गळले: ९ आणि १७. बाद: ५.

२ मार्च, रविवार

उजवीकडे खाज, कोंडा. आणि गळती वाढली — २२! डावीकडे ८. लोशन हरलं, असं म्हणणार होतो. मग बाटलीबरोबरचा कागद वाचला. सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त गळू शकतात, घाबरू नये. छान! केस यावेत म्हणून लावायचं, आणि त्याने आधी जायचे.

बाद: ७.

६ मार्च

दमलोय. केसांनी नाही, केसांच्या हिशेबाने. सोडूनही देववत नाही. जूनमध्ये डॉक्टरांना काय सांगू?

९ मार्च, रविवार

६, ६. गळले ८, १५. बाद ९.

१६ मार्च, रविवार

आज चिडलो. कागदावर हिचे लांब केस चौदा! त्यांत माझा एखादा आखूड अडकला तर समजणार कसा? एकेक चिमट्याने सोडवत बसलो. म्हटलं, नमुना खराब होतोय. डोकं बांधून बसत जा.

हिने कपाटातून रुमाल काढून आणला, घट्ट बांधला आणि पुन्हा माझ्या मागे उभी राहिली. मोजताना दोनदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून. माझी मान अवघडली.

२३ मार्च, रविवार

रुमालाचा उपयोग झाला. बाद: ०. नमुना स्वच्छ.
खिडकीत ९ आणि ८.

३० मार्च, रविवार

१२, ११. वाढतायत! आरशात मला काही दिसत नाही, पण ही भिंगातून बघते. माझ्या डोळ्यांपेक्षा भिंग खरं.

५ एप्रिल, शनिवार

हिला घेऊन बाजारात गेलो. येताना दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभी राहिली. पिशव्या तर माझ्याच हातात होत्या. म्हणाली, दमले. म्हटलं, चष्म्याच्या दुकानात बसून काय एवढं दमायचं? कारखान्यात दिवसभर उभं राहून बघ म्हणजे कळेल.

हल्ली दुपारी जेवली की लगेच आडवी होते. रविवारची मोजणी दहाची, ती पार बारावर गेलीय. चाचणीची वेळ बदलता कामा नये, हे तिला दोनदा सांगितलं.

१३ एप्रिल, रविवार

डावीकडे १९, उजवीकडे २१. म्हणजे लोशन पुढे! गळतीही उजवीकडे कमी झाली, ६. बाटलीच्या त्या कागदात लिहिलं होतं तसंच. सल्लागार बाईचं तोंड बघायला हवं.

२० एप्रिल, रविवार

२४, २३. लेसर पुढे. आता हे काय!

२७ एप्रिल, रविवार

२८, ३१. हिचे आकडे आता पटापट येतात. सवय झाली असणार.

फोरमनसमोर प्रथमच टोपी काढली. त्याने खाली वर बघितलं आणि म्हणाला, "आहे थोडी लव." थोडी? खिडकीत एकतीस आहेत! त्याला काय कळतंय.

११ मे, रविवार

३४, ३६. पण आरशात अजून पूर्वीसारखंच दिसतं. दिव्याची जागा बदलून पाहिली. मग खिडकीजवळ गेलो, मग बाहेर गॅलरीत. शेजारच्या बाई कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी तोंड फिरवलं.

१८ मे, रविवार

आजचा दिवस खराब.

दहा वाजले तरी ही उठेना. बारकी म्हणाली, आईला झोपू दे, मी मोजते. अकरा वर्षांची पोर, पण बसवलं. भिंगातून बघत मोठ्याने मोजलं तिने. डावीकडे एकोणीस. म्हटलं, नीट मोज. पुन्हा एकोणीस. उजवीकडे अठरा. खिडकी त्याच खुणेवर ठेवली होती, मी स्वतः बोट लावून पाहिली. तिसऱ्यांदा मोजलं. एकोणीस, अठरा.

मागच्या रविवारी चौतीस आणि छत्तीस! आठवड्यात निम्मे जातात का?

हिला उठवलं. हो, उठवलं. पलंगावर बसूनच ऐकत होती. आधी म्हणाली, बारकीचं चुकलं असेल. मग म्हणाली —

"दहा-बारा केस नीट दिसतात. मग डोळ्यांपुढे काळे ठिपके येतात. केस कुठला आणि ठिपका कुठला, कळत नाही. मग मागच्या रविवारपेक्षा थोडा वरचा आकडा सांगते."

"कधीपासून?"

"मार्च संपता संपता असेल. तू खूश व्हायचास."

काय बोललो ते सगळं लिहीत नाही. माझे दोन महिने वाया घालवलेस, हे बोललो. एक साधं काम सांगितलं होतं, हेही बोललो. म्हणजे लेसर पुढे होतं ते खोटं. लोशन पुढे होतं तेही खोटं. चारदा अंघोळीला उशीर केला असेन या ड्रॉपरपायी, कारखान्यात टोपी घालून भाजून निघालो, सगळं कशासाठी? दहा जून तोंडावर आलाय आणि हातात एक आकडा नाही!

ती म्हणाली, मी सांगितलं होतं की दमतेय. आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

१९ मे, सोमवार

सोमवारी सकाळी पहिलं काम काट्याचं. प्रयोगशाळेतला बारीक काटा, त्यावर ठरलेलं वजन ठेवायचं, बरोबर दाखवतोय ना ते बघायचं, वहीत सही करायची. मगच आठवड्याचं पहिलं मोजमाप. एकोणीस वर्षं एकही सोमवार चुकला नाही. काटाच बिघडलेला असेल तर पुढचं सगळं फुकट.

वजन हातातच राहिलं. तेरा रविवार मी ज्या डोळ्यांनी मोजत होतो, त्या डोळ्यांकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

सही केली नाही. फोरमनने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही.

घरी आलो तर ही अजून कामावरून यायची होती. बारकी अभ्यास करत होती. सहज विचारल्यासारखं विचारलं, आईला काही होतंय का गं? वहीतून मान वर न करता म्हणाली, "रुमाल रोजच असतो तिच्या डोक्याला. तू रविवारीच बघतोस."

२० मे, मंगळवार

आज हिला म्हटलं, रुमाल काढ.

नको म्हणाली. मग काढला.

मधला भांग बोटभर रुंद झालाय. कानांच्या वर नुसती कातडी दिसते. मागे वेणी होती — मनगटाएवढी, लग्नात तिच्या बहिणी त्यावरून चेष्टा करायच्या — ती करंगळीएवढी उरलीय. नखं पांढरी. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, आत पांढरं. आणि मी हिला डोकं बांधून बस म्हणालो होतो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाकिटं काढली. सगळी आहेत, तारखांसकट. लांब केसही वेगळ्या पाकिटांत आहेत, कारण बाद नमुनाही टाकायचा नसतो. तीन. पाच. सात. नऊ. चौदा. मग शून्य. शून्यावर मी तेव्हा 'नमुना स्वच्छ' लिहिलंय. मागची पानं उलटून पाहिलं, माझ्याच अक्षरात आहे.

एखाद्या लॉटमध्ये अशी गळती चढत गेली असती तर तिसऱ्याच आठवड्याला मी मशीन बंद करायला लावलं असतं.

२२ मे, गुरुवार

बायकांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. हिमोग्लोबिन साडेसहाच्या खाली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मान वर करवेना. म्हणाल्या, या चालत कशा आल्या?

पाळीचा त्रास वर्षभर. खूप रक्त जायचं, आठ-आठ दिवस. मला वाटायचं, बायकांचं असतंच काहीतरी. गर्भाशयात मोठी गाठ आहे. साधीच असावी, त्या म्हणाल्या, पण काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. आधी रक्त चढवायचं, मग ऑपरेशन. केस? ते रक्ताबरोबर गेले. जीव वाचवायला शरीराने जे जे सोडून दिलं त्यात पहिले केस.

"आधी का नाही आलात?" त्यांनी हिला विचारलं. त्यांच्याच नोंदीत जुनी वेळ दिसत होती. सहा जानेवारी, सकाळी अकरा. रद्द.

चार जानेवारीला माझी शस्त्रक्रिया.

बाहेर बाकावर बसल्यावर विचारलं तिला. रागाने नाही, सरळ म्हणाली, "दर अर्ध्या तासाला तुझ्या डोक्यावर फवारायचं होतं. कशी जाणार? मग रजा संपली. मग रविवार तुझे झाले."

तिला पाणी आणून दिलं.

२५ मे, रविवार

मोजणी नाही. रक्ताच्या दोन बाटल्या काल चढवल्या. आज ती झोपली आहे, मी भाजी चिरतोय. बारकी म्हणते, बाबा, इतकी जाड नसते.

३ जून

हेल्मेट माळ्यावर टाकलं. बाटलीत लोशन निम्मं आहे. लावायचं आठवतच नाही.

१० जून, मंगळवार

जायचं नव्हतं. हीच म्हणाली, जाऊन ये, एवढं केलंयस.

केसांच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं — अर्धं हेल्मेट, चिकटपट्टी, खिडकी. आधी हसले, मग समजावून सांगितलं. लोशन एका बाजूला थांबत नाही. उशीवर उतरतं, दुसरीकडे लागतं, थोडं रक्तातही जातं. तेव्हा चाचणी पहिल्या दिवसापासूनच कच्ची होती. लेसर चांगलं की लोशन? "दोन्हींनी थोडी थोडी मदत होते. जास्त कोणाची, ते तुमच्या एका डोक्यावरून कोणीच सांगू शकणार नाही." आणि मुख्य काम रोवलेल्या मुळांनी आपलं आपण केलंय म्हणे. पाचव्या महिन्यात यायला हवेत तेवढे आलेत. पुढच्या वर्षीपर्यंत भरतील.

आलेत! आरसा पुढे धरला त्यांनी. खरंच आलेत, कपाळावर अख्खी रांग. चार महिने ज्यासाठी जीव टांगणीला लावला ते समोर होतं, आणि मला घरी जायची घाई झाली होती.

सल्लागार बाईने विचारलं, मग काय निवडलंत? म्हटलं, अजून ठरलं नाही.

१२ जून

फोरमन म्हणाला, आता टोपी कायमची गेली म्हणायची! सगळे जमा झाले. एकाने ओढूनही पाहिला, सुटतो का म्हणून. मी हसलो त्यांच्याबरोबर. मग पंधरा दिवसांची रजा मागितली. त्याने कारण विचारलं, सांगितलं. त्याने माझ्या केसांवरची नजर काढली आणि सही केली.

१४ जून, शनिवार

परवा ऑपरेशन. सोमवारी, सकाळी आठ. पिशवी भरली. तिने विचारलं, गाठ वाईट निघाली तर? मी तपासनीस माणूस, तपासल्याशिवाय बोलत नाही. पण म्हटलं, नाही निघणार.

खोटा आकडा का सांगतात ते आज मला कळलं.

१५ जून, रविवार

दहा वाजता स्टूल खिडकीजवळ ओढलं. पांढरा कागद तिच्या मांडीवर. ती बसली, मी मागे उभा राहिलो. कंगवा पन्नास वेळा नाही, सावकाश, गुंता सुटेपर्यंत.

सतरा. एकही बाद केला नाही.